अध्यापनाचे तास कसे भरायचे: जिल्हा परिषद शाळेचा कारभार नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

शिक्षक म्हणून नेमणूक होते, वर्ग मिळतो, आणि एक दिवस बदल्यांच्या गडबडीत मुख्याध्यापकांचा प्रभार तुमच्याकडे येतो. द्विशिक्षकी शाळेत तर दोघांपैकी जो ज्येष्ठ असेल त्याच्याच गळ्यात तो पडतो. मग पोषण आहाराचा हिशोब, यू-डायस (शाळेची माहिती सरकारला भरून देण्याची प्रणाली), शाळा व्यवस्थापन समितीची बैठक असं सगळं शिकता शिकता एक गोष्ट मागे राहते: वर्षभरात मुलांना किती तास शिकवायचं हे कायद्याने ठरवून दिलेलं आहे आणि ते भरले की नाही हे पाहणं आता तुमचं काम आहे. मार्चमध्ये कुणी विचारलं की हजेरीपत्रक उघडून दिवस मोजले जातात, आकडा बरा दिसला की विषय संपतो. दिवस भरलेले असतात, पण तास भरलेले नसण्याची शक्यता बरीच असते. हा हिशोब जूनमध्येच कसा मांडायचा आणि वर्षभर कसा सांभाळायचा, ते इथे क्रमाने देतो.

आधी कायदा काय मागतो ते पाठ करा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १९ ला जोडलेल्या अनुसूचीत शाळेसाठीचे निकष आहेत. खोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय यांच्याबरोबरच वेळेचे निकषही तिथेच आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास. सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस आणि १००० तास. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास, आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे.

दिवस आणि तास या दोन वेगळ्या अटी आहेत. एक पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप पूर्ण होत नाही. पाचवीचा वर्ग हायस्कूलला जोडलेला असला तरी अनुसूचीत तो पहिल्या गटातच येतो. शाळा पहिली ते सातवी किंवा आठवीची असेल तर नियोजन मोठ्या गटाच्या आकड्यांवरच करा, कारण शाळा उघडी ठेवायचीच आहे तर २२० दिवस सगळ्यांसाठीच ठेवायची.

याशिवाय राज्यात आणखी एक आकडा चालतो. माध्यमिक शाळा संहितेच्या आधाराने सुट्ट्यांच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं की वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत. रविवार यात धरलेले नाहीत. ३६५ मधून ५२ रविवार आणि ७६ सुट्ट्या वजा केल्या की २३७ उरतात, म्हणजे हातात सातच दिवसांची सवड. नवख्या माणसाला हे २३० दिवस म्हणजे कडक शिस्त वाटते. पुढची आकडेमोड पाहिलीत की त्यातलं शहाणपण कळेल.

जूनमध्ये दिनदर्शिका घेऊन बसा

शिक्षणाधिकारी कार्यालयाची सुट्ट्यांची यादी, एक साधी भिंतीवरची दिनदर्शिका आणि तीन रंगांची पेनं एवढं साहित्य पुरतं. शाळेत दोन शिक्षक असोत की सात, सगळ्यांनी एकत्र बसून हे करावं.

पूर्ण दिवस एका रंगात, शनिवार दुसऱ्या रंगात, आणि शाळा उघडी असूनही शिकवणं होणार नाही असे दिवस तिसऱ्या रंगात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला मुलं येतात, झेंडावंदन होतं, खाऊ घेऊन घरी जातात. त्या दिवसांचे अध्यापन तास शून्य. स्नेहसंमेलन, केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा, सहल, संकलित मूल्यमापनाचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) दिवस यांच्या नक्की तारखा जूनमध्ये माहीत नसतात, तरी अंदाजाने महिना धरा आणि तिसऱ्या रंगाने टिंब द्या. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होतात, तेव्हा तिथल्या शाळांनी पहिल्या सत्राची मोजणी स्वतःच्या तारखेपासून करावी, दुसऱ्या जिल्ह्याचं तयार नियोजन उतरवून घेऊ नये.

मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या आत्ताच वापरून टाकू नका. गावची जत्रा ठरलेली असते, त्या दिवशी पट रिकामाच असतो, तेवढी एक सुट्टी तिथे ठेवा. बाकीची पावसाळा संपेपर्यंत हातात राहू द्या. अतिवृष्टीत जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, ओढ्याला पूर आला की पलीकडच्या वस्तीवरची मुलं दोन-दोन दिवस येऊ शकत नाहीत. ते दिवस नंतर भरून काढायचेच असतात. तेव्हा न वापरलेली सुट्टी उपयोगी पडते.

आता मिनिटं मोजा

सगळ्या लेखातला हा भाग सर्वांत सावकाश वाचा, आणि शेजारी तुमच्या शाळेचं वेळापत्रक घ्या.

समजा शाळा साडेदहा ते पाच आहे. एकूण ३९० मिनिटं. त्यात परिपाठ २०, पोषण आहारासह मधली सुट्टी ५०, दोन लहान सुट्ट्या मिळून २०, हजेरी आणि स्वच्छता २०. उरली २८० मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या आठ तासिका. शनिवारी सकाळी पाच तासिका, १७५ मिनिटं. असं वेळापत्रक अनेक शाळांत सापडेल आणि त्यात वरकरणी काही चुकीचं नाही.

पहिली ते पाचवीचे २०० दिवस घ्या. त्यात साधारण १६८ पूर्ण दिवस आणि ३२ शनिवार येतील. बेरीज ८७७ तास २० मिनिटं. आठशेचा निकष पार करून वर ७७ तास हातात.

आता सहावी ते आठवीचे २२० दिवस घ्या. १८४ पूर्ण दिवस, ३६ शनिवार. बेरीज ९६३ तास ४० मिनिटं. दिवसांची अट तंतोतंत पूर्ण, आणि तासांत ३६ तासांहून जास्त तूट. हे एकही दिवस वाया न जाता, एकही तासिका न बुडता. परीक्षा, संमेलन, पाऊस यांतलं काहीही अजून धरलेलंच नाही.

हेच २३० दिवस केले, १९२ पूर्ण आणि ३८ शनिवार, तर बेरीज १००६ तास ५० मिनिटं होते. निकष जेमतेम पार. परिपत्रकातला आकडा किती नेमका आहे ते इथे दिसतं, आणि नुसत्या त्याच्यावर विसंबून भागणार नाही हेही.

दिवस न वाढवता वेळापत्रकातच बदल करून पाहू. पहिल्या दोन तासिका ४० मिनिटांच्या केल्या तर पूर्ण दिवसाची २९० मिनिटं होतात आणि २२० दिवसांत ९९४ तास २० मिनिटं भरतात. अजूनही थोडं कमीच. त्याच्या जोडीला शनिवारी सहावी तासिका धरली की बेरीज १०१५ तास २० मिनिटांवर जाते. रोजची दहा मिनिटं आणि शनिवारची एक तासिका, एवढ्याने पन्नास तासांहून अधिक फरक पडतो. म्हणून सांगतो, वेळापत्रक जूनमध्येच नीट बांधा. एप्रिलमध्ये पन्नास तास कुठून आणणार?

वेळ बदलताना लहानांचा विचार आधी. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला आहे. त्यांच्याकडे तासांची सवड आहे, त्यामुळे त्यांना ओढून ताणून बसवायची गरजही नाही. जादा वेळ फक्त वरच्या वर्गांना ठेवता येतो. मात्र एकाच घरातली भावंडं एकत्र येत-जात असतील, किंवा मुलं एसटीच्या ठरावीक फेरीने येत असतील, तर पालकांशी बोलल्याशिवाय पाच मिनिटांचाही बदल करू नका. संध्याकाळची एसटी चुकलेलं मूल अंधारात चालत घरी जातं, आणि असं होऊन तास भरण्यात काही अर्थ नाही.

काय मोजायचं, काय नाही

कायद्याच्या व्याख्यांमध्ये अध्यापन तासाची व्याख्या दिलेली नाही. त्यामुळे शाळाशाळांत वेगवेगळं मोजलं जातं. माझा सल्ला कडक मोजण्याचा आहे. परिपाठ, पोषण आहार, सुट्टी, हजेरी हे धरायचं नाही. ती कामं महत्त्वाचीच आहेत, परिपाठातून मूल चारचौघांत बोलायला शिकतं, पण त्यांचा वेळ वेगळा.

कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण मात्र शंभर टक्के धरायचे. हे विषय आहेत, मोकळा वेळ नव्हे. खेळाच्या तासिकेत गणित घेतलं म्हणून अध्यापनाचे तास वाढत नाहीत, एका विषयाचे दुसऱ्याला दिले जातात एवढंच, आणि मूल मैदानाला मुकतं. २०२४ पासूनचा आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी घ्यायचे कृती-उपक्रम, ठरवून घेतला, उपक्रमाचं टाचण (काय शिकवायचं याची लेखी तयारी) काढलं, तर तेही अध्यापनच. ओढ्याकाठी नेऊन परिसर अभ्यासाचा घटक शिकवलात तर तो तासही पूर्ण धरा. पण शनिवारी मुलांना पटांगणात सोडून शिक्षक कार्यालयात माहिती भरत बसले असतील तर तो धरू नका.

परीक्षेचे दिवस वेगळे लिहा. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सुमारे २२० दिवसांतून २० मूल्यमापनाला आणि २० शाळेच्या कार्यक्रमांना गेले की शिकवायला १८० उरतात, असा हिशोब मांडलेला आहे. तुमच्या शाळेची दिनदर्शिका याच्याशी ताडून पाहा. तिसऱ्या रंगाचे दिवस चाळिसाच्या पुढे गेले असतील तर काहीतरी कमी करावं लागेल. संमेलनाच्या तयारीसाठी पंधरा दिवस दुपारच्या तासिका जात असतील तर तयारी शेवटच्या एका तासिकेत आणा. मुलांचा उत्साह त्याने कमी होत नाही.

उन्हाळ्यातली सकाळची शाळा हा दुसरा मोठा खड्डा. सात ते सव्वाअकरा म्हणजे २५५ मिनिटं. परिपाठ आणि सुट्टी वगळली की सहा तासिका, २१० मिनिटं. रोज ७० मिनिटं कमी. पाच आठवडे असं चाललं तर २५ पूर्ण दिवसांचे २९ तास १० मिनिटं गेली. सकाळची शाळा मुलांच्या जिवासाठी हवीच, पत्र्याच्या खोल्यांत एप्रिलच्या दुपारी कुणाला बसवू नये. तूट मात्र आधीपासून धरून ठेवायची, म्हणजे ती थंडीच्या दिवसांत भरता येते.

शिक्षक वर्गात नसेल तेव्हा

शाळा उघडी, मुलं हजर, आणि सर किंवा बाई तालुक्याला. तासांची सर्वांत जास्त गळती इथे होते आणि ती कोणत्याही कागदावर दिसत नाही.

कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ किंवा संसदेच्या निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. या यादीबाहेरचं काम आलं तर लेखी आदेश मागा आणि त्याची प्रत जपून ठेवा. नम्रपणे विचारलं तर बरेचदा कामाची वेळ बदलून मिळते. यादीतलं काम नाकारता येत नाही, तेव्हा त्याची तयारी ठेवायची. २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरलेला आहे. म्हणजे गणनेचा मुख्य काळ दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यावर येतो. त्या वर्षाचं नियोजन करताना अवघड घटक डिसेंबरपर्यंत संपतील असं पाहा.

मोठ्या शाळेत गैरहजर शिक्षकाच्या तासिका वाटून द्यायची वही असते. ती रोज सकाळी परिपाठाआधी लिहून व्हावी. जाणाऱ्या शिक्षकाने त्या दिवसाचं टाचण आणि मुलांना द्यायचं काम ठेवून जावं, नाहीतर ऑफ तासिकेत मुलं फक्त गप्प बसवली जातात. द्विशिक्षकी शाळेत एक जण गेला की दुसऱ्याकडे चार किंवा पाच वर्ग एकत्र येतात. अशा दिवसांसाठी प्रत्येक वर्गाच्या स्वाध्यायपत्रिकांचा एक गठ्ठा कायम तयार ठेवा. एका गटाला शिकवताना दुसरा गट ठरवून दिलेलं काम करत असेल, शिक्षक ते तपासत असेल, तर बहुवर्ग अध्यापनात दोन्ही गटांचा वेळ अध्यापनातच धरावा असं माझं मत आहे. काम न देता नुसतं बसवलेल्या गटाचा धरू नये.

दोघांनी एकाच दिवशी रजा घेऊ नये, प्रशिक्षणाचे आदेश दोघांना एकाच तारखेचे आले तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) फोन करून एकाची तुकडी बदलून घ्यावी. केंद्रप्रमुखांना शाळा बंद पडलेली नकोच असते, ते मदत करतात.

महिनाअखेरचा अर्धा तास

प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी एक पान भरा. त्यावर त्या महिन्यातले पूर्ण दिवस, शनिवार, अध्यापनाविना गेलेले दिवस, ठरलेले तास, प्रत्यक्ष तास आणि जूनपासूनची एकूण बेरीज. पाचवीपर्यंतच्या आणि वरच्या वर्गांच्या नोंदी वेगळ्या. तूट असेल तर कारण एका ओळीत. बस्स, एवढंच. याला वेगळं ॲप वगैरे लागत नाही.

हे पान शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक बैठकीत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख हे त्यांचं कायद्याने दिलेलं काम आहे. काही मुख्याध्यापकांना तूट सांगायला संकोच वाटतो. मला उलट अनुभव आहे. आईबापांना कळलं की मुलांचे वीस तास गेलेत आणि शाळा ते भरून काढायचं म्हणतेय, तर ते स्वतःहून विचारतात की आम्ही काय करू. शनिवारी लग्नाला मुलांना नेणं टाळण्यापासून ते पावसात ओढ्यापलीकडे सोबत पाठवण्यापर्यंत बरंच काही त्यांच्या हातात असतं.

तूट भरायची कशी

जानेवारीत वीस तासांची तूट दिसली असं धरू. सकाळची शाळा लागेपर्यंत दहा आठवडे, म्हणजे पन्नास पूर्ण दिवस हातात आहेत. रोज २५ मिनिटं वाढवली की २० तास ५० मिनिटं होतात. रविवारी शाळा भरवण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण रविवारी निम्मा पट येतो आणि जी मुलं सर्वांत मागे आहेत तीच येत नाहीत. पूर्ण दिवस बुडालेला असेल तर मात्र दिवसच भरायला हवा, तिथे अधिकारातली सुट्टी रद्द करणं किंवा शनिवार पूर्ण भरवणं हे उपाय. मुलांना शनिवारचाही पोषण आहार वेळेवर मिळेल हे आधी पाहा. वाढीव वेळेचा ठराव समितीत घ्या, केंद्रप्रमुखांना लेखी कळवा, सूचनावहीत नोंद करा.

जादा वेळात काय शिकवायचं? ज्या विषयाचे तास गेले तोच विषय. सोळा तासिका विज्ञानाच्या गेल्या असतील तर जादा वर्ग गणिताचा घेऊन बेरीज जुळते, पण मुलांचं विज्ञान राहतंच.

शाळेचे तास भरले, मुलाचे भरले का

दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांचा पट रिकामा होतो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मुलंही जातात. शाळेचे ८०० तास कागदावर पूर्ण होतात, त्या मुलाच्या वाट्याला चारशेही येत नाहीत. वीटभट्टीवर, मासेमारीच्या हंगामात, मेंढरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांतही हेच घडतं.

म्हणून महिनाअखेरच्या पानामागे एक यादी ठेवा: ज्या मुलांचे महिन्यातले चारपेक्षा जास्त दिवस बुडाले त्यांची. गावात आजी किंवा चुलते असतील तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल त्यांच्याशी ऑक्टोबरमध्येच बोला. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड) द्या, आणि जिथे जाणार तिथल्या शाळेत फोन करून नाव सांगा. परत आलं की त्याला सरळ चालू पाठात बसवू नका. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणं हेही आहे. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसलात तर दोन महिन्यांत ते वाचायला लागतं. हा अर्धा तास कुठल्या रकान्यात बसत नसला तरी तो सोडू नका.

शेवटी कागद

यू-डायस प्लसच्या अर्जात अध्यापनाचे दिवस आणि मुलांचे व शिक्षकांचे रोजचे सरासरी तास विचारलेले असतात. बारा पानं हाताशी असली की तिथे अंदाजाने आकडा टाकावा लागत नाही. तपासणीला शिक्षण विस्तार अधिकारी आले तर वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी, मासिक पानं, तासिका वाटपाची वही, हालचाल रजिस्टर (शाळेच्या कामासाठी बाहेर गेल्याची नोंदवही) आणि समितीचं इतिवृत्त एवढं समोर ठेवा. आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. हालचाल रजिस्टरमध्ये तुम्ही तालुक्याला आणि टाचणात त्याच दिवशी पाच तासिका, असं दिसू देऊ नका. तूट असेल तर तूटच लिहा आणि ती कशी भरताय तेही लिहा.

तुमची बदली झाली तर ही फाईल प्रभाराच्या यादीत वेगळा क्रमांक देऊन नोंदवा, आणि वर्षाच्या मध्येच गेलात तर त्या तारखेपर्यंतचे तास आणि राहिलेली तूट पहिल्याच पानावर लिहून नव्या मुख्याध्यापकांची सही घ्या.